फुकुईचं फडकं आणि सुजाताची तिसरी

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. कारखान्याच्या सेठची जीप सकाळी सहाला वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि माझी मुलगी सुजाता काही केल्या घरातून बाहेर येईना. आठ वर्षांची पोर. दाराआड उभी राहून तिने एवढंच विचारलं, "पप्पा, तुम्ही येईपर्यंत मी घरीच?"

"आलो की लगेच नवी शाळा बघू."

"लगेच म्हणजे कधी?"

"लगेच म्हणजे लगेच. बापाला उलट प्रश्न विचारू नकोस."

तीन महिन्यांसाठी परदेशी निघालेल्या माणसाने लेकीशी शेवटचं वाक्य हे बोलावं? पण माझं हे असंच आहे. राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि पश्चात्ताप मागून बैलगाडीने येतो. जीप कोन गाव ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागली तरी मी मागे वळून बघत होतो.

मी लूमचा जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारा मिस्त्री. १९९४ साली आमच्या सेठने जपानमधल्या बंद पडणाऱ्या एका गिरणीतले जुने लूम घेतले. त्यात धोटा नाही, पाण्याची धार धागा फेकते. सेठने मला बोलावून सांगितलं, "मिस्त्री, पासपोर्ट बनवा लो. खोलना तुमको, बांधना तुमको, और यहाँ आके चलाना भी तुमको." लूम उकलायचे, प्रत्येक भागावर खूण करायची, पेट्या भरायच्या आणि पुढे त्या सेठच्या दापोडा गावातल्या गोदामात आल्या की पुन्हा उभे करायचे, असं काम होतं. माझ्या अख्ख्या खानदानात पुण्याच्या पुढे कोणी गेलं नव्हतं.

आता सुजाता घरी का होती ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ऑगस्टमधल्या एका शनिवारी ती शाळेतून आली ती केसांत धूळ घेऊन. शाळेचं नाव इथे लिहीत नाही. दर शनिवारी वर्ग आणि व्हरांडा झाडायला बाई चार मुली निवडायच्या, आणि त्या चारही मुली आमच्या बौद्धवाडीतल्या असायच्या. "त्यांना सवय आहे," असं बाई म्हणाल्याचं सुजाताने सांगितलं. हे 'सवय आहे' मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या लहानपणी मास्तरांनी मलाही असंच निवडलं होतं आणि माझ्या वडिलांनी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. मी बाप होईन तेव्हा मान खाली घालणार नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पुढच्या शनिवारी मी ड्युटी सोडून शाळेत गेलो. सुजाता व्हरांड्यात खराटा घेऊन वाकली होती. मी खराटा हिसकावून अंगणात फेकला, तिचा हात धरला आणि सगळ्या वर्गासमोर ओरडलो, "माझी पोरगी झाडणार नाही. ठेवा तुमची शाळा तुमच्याकडे." तेव्हापासून ती घरी. दुसरी शाळा बघतो, बघतो म्हणता दिवाळी आली आणि मग हे जपान आलं. अति राग, भीक माग म्हणतात ते खोटं नाही.

वाटेत बँकॉकला विमान बदलायचं होतं. मधले सात तास तिथल्या बाकावर काढले. समोर दहाएक वर्षांचा एक मुलगा भगव्या चीवरात, डोकं भादरलेलं, ताठ बसला होता. तिकडे मुलं काही दिवसांसाठी भिक्खू होतात हे मी ऐकलं होतं. त्याची आई आली, खाली गुडघ्यांवर बसली आणि तिने आपल्याच मुलाला वाकून वंदन केलं. मुलगा हसला नाही की लाजला नाही. आमच्या विहारात आम्ही भंतेजींना वंदन करतो, पण आईने लेकरासमोर वाकायचं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला सुजाताची आठवण आली. मी तिला कधी 'सॉरी'सुद्धा म्हटलं नव्हतं.

ओसाकाहून आगगाडीने फुकुईला आणि तिथून मोटारीने अर्धा तास, असं ते गिरणीचं गाव. दोन्हीकडे डोंगर, मध्ये भाताची कापलेली शेतं. आमच्याकडे पडघ्याच्या बाजूला डिसेंबरात दिसतात तशीच, फक्त गारठा हाडं गोठवणारा. मला घ्यायला गिरणीचे फोरमन किमुरासान आले होते. 'सान' म्हणजे आपलं राव किंवा जी. कामगारांची खोली बंद झाली होती, म्हणून त्यांनी मला स्वतःच्या घरची मागची खोली दिली. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे फारसं नाही. पण आमचं अडलं नाही. आयुष्यभर लूमच्या खटखटाटात काम केलेली माणसं हातांनी बोलतात. 'धागा तुटला', 'मोटार थांबव', 'चहा घेऊ या', याच्या खुणा भिवंडीत आणि फुकुईत जवळजवळ सारख्याच निघाल्या.

घरात तिघंच जण. किमुरासान, त्यांच्या पत्नी आणि मुलगी युमी. युमीही आठ वर्षांची. 

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. कारण शांतता. आमच्याकडे भिंतीपलीकडे लूम चालतात आणि त्या आवाजात पोरं गाढ झोपतात. वीज गेली, लूम थांबले की तान्ही पोरं दचकून रडायला लागतात. इथे कुठे पान हलत नव्हतं.

सकाळी न्याहारीला वाफाळता भात, सोयाबीनचं कढण आणि भाजलेला सुका मासा. वास आला आणि वाटलं, चला, सुकट मिळाली म्हणजे माणूस उपाशी मरत नाही. ताटात एक लाल सुरकुतलेलं फळही होतं. त्याला उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) म्हणतात. लोणच्याची फोड समजून मी ते अख्खं तोंडात टाकलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. युमी तोंडावर हात ठेवून हसली. त्या घरात माझी पहिली ओळख झाली ती अशी.

मग ती शाळेला निघाली. पाठीवर कडक चामड्याचं दप्तर, डोक्यावर पिवळी टोपी. रस्त्यावर गल्लीतली सात-आठ मुलं रांगेत उभी होती. पुढे सहावीतली एक मुलगी, मागे पाचवीतला मुलगा, मध्ये लहानगी. सोबत एकही मोठं माणूस नाही. मी हातांनी विचारलं, आई नाही जात? युमीच्या आईने मान हलवली आणि रस्त्यावरच्या घरांकडे बोट दाखवलं. प्रत्येक घराच्या दारात कोणी ना कोणी उभं होतं. एक म्हातारे गृहस्थ चौकात झेंडा घेऊन गाड्या थांबवत होते. सगळं गाव लक्ष ठेवून होतं, पण हात कोणी धरत नव्हतं. आपल्याकडे आपण पोराचा हात मनगटापासून घट्ट धरतो. ट्रकच्या रस्त्यावर तो धरावाच लागतो, त्यात काही चूक नाही. तरी ती रांग वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो.

तिकडचं सगळंच मला आवडलं असं समजू नका. दुपारी युमी घरी यायची तेव्हा बऱ्याचदा घरी कोणी नसायचं. गळ्यातल्या किल्लीने कुलूप उघडायची आणि रिकाम्या घराला सांगायची, "तादाइमा" (आले मी). एकदा मी लवकर आलो होतो. आतून मी मराठीतच ओ दिली, "आलीस का गं? जेवलीस?" ती दारात थबकली. मग हळूच पुन्हा म्हणाली, "तादाइमा." आमच्या वस्तीत पोर चार घरी जेवतं आणि पाचव्या घरी झोपतं. कोणाची पोरगी कुठे आहे हे विचारायला एक हाक पुरते. किमुरासान तर ती झोपल्यावर यायचे. त्या घरात माया होती, पण आवाज नव्हता. मला कमलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, ओरडण्याचीसुद्धा ओढ लागली.

पण रात्री ती तिघं जमिनीवर गाद्या घालून ओळीने झोपायची, मुलगी मध्ये. अगदी आमच्यासारखी. अर्धवट सरकलेल्या दारातून ते दिसलं की मी तोंड फिरवायचो.

डिसेंबरच्या एका दुपारी बर्फ पडायला लागला. पेट्यांची लाकडं आली नव्हती म्हणून गिरणीतलं काम थांबलं होतं. युमीच्या आईने छत्री पुढे केली आणि खुणेने विचारलं, शाळेत देऊन याल का? मी आनंदाने निघालो. शाळा दहा मिनिटांवर. आत शिरलो, लांबलचक लाकडी व्हरांडा होता, आणि त्याच्या टोकाला युमी गुडघ्यांवर वाकून, दोन्ही हातांनी ओलं फडकं दाबत जमीन पुसत होती. सोबत आणखी दोन मुलं. बस्स, एवढंच दिसलं.

माझं डोकं फिरलं. मनात आलं, हीसुद्धा कामगाराचीच पोर. गिरणी बंद पडतेय, बाप उद्या बेकार, म्हणून हिलाच निवडलं. इथेही तेच. सातासमुद्रापार येऊनही तेच. मी धावत गेलो, फडकं हिसकावलं आणि युमीचा हात धरून तिला उभं केलं. तोंडाने काय बोललो ते आठवत नाही, पण मराठीत बोललो आणि मोठ्याने बोललो.

युमी रडली नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी बूट न काढताच आत आलो होतो. पुसलेल्या लाकडावर दारापासून तिच्यापर्यंत माझी चिखलाची पावलं उमटली होती. तिने हात सोडवून घेतला, फडकं उचललं, बादलीत बुडवून पिळलं आणि माझ्या पायाजवळचं पाऊल पुसलं. मी मागे सरकलो. तिने त्याच्या मागचं पुसलं. अशी पुसत पुसत तिने मला दारापर्यंत नेलं. तोवर वर्गावर्गांतून मुलं बाहेर आली होती. कोणाच्या हातात झाडू, कोणाच्या हातात खिडक्यांची फडकी. अख्खी शाळा सफाई करत होती. इतक्यात संडासाच्या बाजूने एक वयस्कर गृहस्थ आले, बाह्या दुमडलेल्या, पायांत रबरी बूट, हातात घासणी. त्यांनी घासणी भिंतीला टेकवली, वाकून नमस्कार केला आणि माझ्यासमोर सपाता ठेवल्या. ते मुख्याध्यापक होते. लाजेने मला पळता भुई थोडी झाली.

संध्याकाळी किमुरासान मुद्दाम लवकर आले. त्यांनी कागदावर एक गोल काढला, गोलाच्या आत दुसरा गोल. बाहेर कामं, आत मुलांची नावं. दर आठवड्याला आतला गोल एक घर फिरतो. वर्गात असं चक्र टांगलेलं असतं.

"डॉक्टरचा मुलगा?" मी विचारलं.

"येस."

"गिरणीच्या मालकाचा नातू?"

"येस. टॉयलेट."

"मास्तर?"

"येस, येस."

मग मी विचारलं, काही ठरावीक घरांतल्याच मुलांना हे काम देत नाहीत? ज्यांना सवय असते त्यांना? इंग्रजी पुरलं नाही, हात वापरले, वर-खाली दाखवलं, खांद्यावर ओझं दाखवलं. किमुरासाननी तो गोल पुन्हा माझ्यापुढे सरकवला. त्यांना प्रश्नच कळेना. तिकडेही कुठे काही झाकलेलं असेल, तीन महिन्यांत मला काय दिसणार? पण त्या माणसाला माझा प्रश्न कळला नाही याचा मला फार हेवा वाटला. माझ्या पोरीला तो आठव्या वर्षी कळला होता.

युमी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने न्याहारीला माझ्या ताटात पुन्हा एक उमेबोशी ठेवलं आणि तोंडावर हात धरला. मी ते निमूट खाल्लं.

त्याच आठवड्यात सुजाताचं पत्र आलं. वहीचं पान फाडून लिहिलेलं.

"पप्पांना नमस्कार. आम्ही बरे आहोत. आई बरी आहे. मी आईबरोबर रोज कांड्या भरते. आई म्हणते माझा हात चांगला बसलाय. मला सतराच्या पाढ्यापर्यंत येत होतं. आता चौदाच्या पुढे चुकतं. तुम्ही कधी येणार?"

हात बसलाय. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेन. खराट्याची सवय लागू नये म्हणून मी तिला शाळेतून ओढून आणलं, आणि घरात बसवून कांडीची, लूमच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळत बसण्याची, सवय लावली. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. उरलेला महिना मी पेट्यांवर खिळे ठोकत होतो आणि मनात सतराचा पाढा म्हणत होतो.

निघताना युमी आपल्या रांगेतून एक पाऊल बाहेर आली, वाकली आणि पुन्हा रांगेत गेली. तेवढंच. मीही वाकलो.

जानेवारीच्या शेवटी घरी पोचलो. संध्याकाळची वेळ. सुजाता कांडीच्या चरख्यावर बसली होती. मला बघून उठली, पण धावत आली नाही. मी तिला पिवळी टोपी दिली, रंगीत पेन्सिली दिल्या. तिने त्या उशाशी नीट रचून ठेवल्या. कमलने मला बाजूला बोलावलं. "तुमी गेल्यापासून पोर गप गप हाय. शाळेची घंटा झाली का रस्त्याच्या कडंला जाऊन उभी रहाते. प्रार्थना सरली का परत येते. आता तिच्यावं वरडू नका."

"न्हाय ओरडत," मी म्हणालो.

सकाळी मी तिला म्हटलं, "चल. तुझ्याच शाळेत जाऊ. बाईंशी मी बोलतो."

"मी तुमच्याबरोबर नाही येणार. आईबरोबर जाईन."

"का गं?"

तिने चरख्यावर नवी कांडी लावली. मग म्हणाली, "झाडायला आम्ही चौघी असायचो. तुम्ही हात ओढून नेलंत तेव्हा मी एकटी होते. सगळे बघत होते."

मी उगाच तिची पिवळी टोपी झटकली.

"आणि पप्पा, त्या तिघींना नाही नेलंत तुम्ही. त्या अजून झाडतात. माझ्या वाटचंसुद्धा."

सहा महिने मी स्वतःला वाघ समजत होतो. बाईंसमोर कसा बोललो, हे जपानमध्येसुद्धा मनात घोळवून छाती फुगवत होतो. त्या तीन मुली त्याच व्हरांड्यात माझ्याकडे बघत उभ्या होत्या आणि मला त्या दिसल्यासुद्धा नव्हत्या. मी सुजातासमोर खाली बसलो. "चुकलो गं मी," एवढंच म्हणालो. ती चरखा फिरवायला लागली.

त्या दिवशी मी शाळेत एकटाच गेलो. दाराबाहेर चपला काढल्या, सवयीने. मुख्याध्यापकांच्या टेबलावर किमुरासाननी काढलेला गोल ठेवला आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. झाडायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही.

तिथेच बसलेल्या बाई म्हणाल्या, "पाटलांच्या मुलीच्या हातात झाडू दिला तर पालक भांडायला येतील."

"येऊ द्या की. मी आलो तेव्हा माझं ऐकून घेतलंत, त्यांचंही घ्या. आणि त्या गोलात तुमचंही नाव लिहा."

बाईंचा चेहरा उतरला. मुख्याध्यापक मात्र कागद उलटसुलट करून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "लावू वर्गात. बघू किती दिवस टिकतं." मग हजेरीपट उघडून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पण मुलीचे सहा महिने बुडालेत. तिला आत्ता बसवून घेतो. तिसरी मात्र पुन्हा करावी लागेल." मी हात जोडले. यावर भांडायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

ते चक्र टिकलं, अधूनमधून अडखळत. पाटील एकदा आले, बडबडून गेले. त्यांची मुलगी झाडते तेव्हा सगळी धूळ स्वतःच्याच अंगावर घेते, असं सुजाताने जेवताना सांगितलं. त्या दिवशी ती कितीतरी महिन्यांनी हसली. सतराचा पाढाही आला परत.

लोक अजून मला जपानबद्दल विचारतात. तिकडे मुलं कशी वाढवतात, काय खातात, खरंच एकटी शाळेत जातात का? मी सांगतो. बँकॉकच्या त्या आईचं सांगतो, पिवळ्या टोप्यांच्या रांगेचं सांगतो, रिकाम्या घरात ऐकलेल्या तादाइमाचंही सांगतो. जो तो देश आपापल्या परीने मुलांना मोठं करतो आणि कुठे ना कुठे चुकतो. देशाच्या चुका सांगायला मला जड जात नाही. माझी चूक सांगायची वेळ आली की मी विषय बदलतो. माझ्या मुलीचं एक वर्ष मी माझ्या हाताने घालवलं आणि ते मला कुठल्याच गावातून आणून देता येत नाही.

जून उजाडला. शाळेच्या पहिल्या दिवशी कमलला ताप होता, म्हणून सुजाता माझ्याबरोबर यायला तयार झाली. रस्ता ओलांडताना तिने आपणहून माझं बोट धरलं. ट्रक गेले, पलीकडे पोचलो तसं सोडलं. तिच्या तिघी मैत्रिणी चौथीच्या रांगेत उभ्या होत्या. ती तिसरीच्या रांगेकडे बघत होती, तिच्या खांद्याएवढ्या पोरांच्या.

"पप्पा, तुम्ही फाटकाबाहेरच थांबा."

चौथीतलं कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवून हसलं. ती तशीच चालत गेली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. आत जायला माझे पाय शिवशिवत होते. मी थांबलो.